कीड लागलेलं विमान

पंखावर पुन्हा खळगे उठले होते. डॉक्टरांनी दात तपासायचा चिमुकला आरसा पंखाखाली धरला आणि हळहळले, "कीड! इकडंही पसरलीय."

हे दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद केल्यावर लोक बागेत फिरायला जातात. यांनी गॅरेजमध्ये विमान बांधायला घेतलं. एका माणसापुरतं, नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेलं. त्यापायी गाडी रस्त्यावर आली आणि इंजिन वर्षभर पाहुण्यांच्या पलंगावर झोपलं. आता फक्त रंग राहिला होता. रंग झाला की तपासनीस येणार, विमानाचं वजन करणार आणि परवानगी देणार. मग डॉक्टर उडणार. जन्मभर लोकांना "आ करा" म्हणणाऱ्या माणसाला एकदा तरी स्वतःचा आ वासायचा होता.

पण रंग काही बसेना. दिला की सुकता सुकता त्यात बारीक बारीक खळगे पडत.

शेवटी त्यांनी मेहुण्याला बोलावलं. त्याचा गाड्या रंगवण्याचा कारखाना होता. त्यानं पंखावर बोट फिरवलं, बोट हुंगलं.

"भावोजी, रंग देण्याआधी कापडाला काहीतरी मेणचट लागतंय. पॉलिशबिलिश. त्यावर रंग फाकतो."

"गॅरेजात पॉलिश कुठून येणार?"

"घर तुमचं. मी फक्त रंग ओळखतो. सगळं कापडापर्यंत खरवडून काढा आणि नव्यानं द्या."

डॉक्टरांचा चेहरा असा झाला, जणू धडधाकट दाढ उपटायला सांगितलीय. "उपटायला काय, कुणीही उपटेल. खरी विद्या भरण्यात असते!"

हे त्यांचं जुनं ब्रीद. त्यांच्या पेशंटांपैकी काहींच्या तोंडात दातापेक्षा सिमेंट जास्त होतं.

एवढ्यात बायको रोजच्यासारखी पोहून आली. केस मात्र कोरडे ठणठणीत.

"टोपी घट्ट आहे," कुणी विचारायच्या आतच ती म्हणाली. मग पंखाकडे पाहून, "खरवडत कसले बसताय? भरा आणि वरून एक हात मारा. इतकी वर्षं तेच तर केलंत."

डॉक्टरांनी मेहुण्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. खळगे लांबीच्या लगद्यानं भरले, घासले, वरून रंग मारला. पुन्हा खळगे. पुन्हा लांबी, पुन्हा रंग.

पण हे करतंय कोण, हा किडा डॉक्टरांच्या डोक्यात वळवळू लागला. त्यांनीही पंख हुंगून पाहिला. लिंबासारखा वास. असाच वास कुठंतरी रोज येतो. दोन दिवस घरभर नाक फिरवल्यावर जेवणाच्या टेबलाशी ते थबकले.

दुपारी त्यांनी झोपेचं सोंग घेतलं, घोरूनही दाखवलं. मग चवड्यांवर चालत गॅरेजच्या खिडकीशी गेले. आत बायको पिवळं फडकं घेऊन पंख पुसत होती. लेकराचं अंग पुसावं तसं, टोकापासून बुडापर्यंत. शेजारी फर्निचरच्या पॉलिशची बाटली.

डॉक्टर तसेच मागे फिरले. राग यायला हवा होता. आले ते डोळ्यांत पाणी. बिचारी! आपल्याला वर जाऊ द्यायचं तिच्या जिवावर येतंय आणि नको म्हणायला जीभ रेटत नाही.

रात्री जेवताना ते हळूच म्हणाले, "अगं, मला काही होणार नाही."

"कशानं?"

"हवेत."

"नाहीच होणार," ती म्हणाली. "आणखी वाढू थोडं?"

तिच्या समाधानासाठी त्यांनी आणखी वाढून घेतलं. हल्ली रोजच घेत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजला भलंमोठं कुलूप ठोकलं. शेवटचा हात आरशासारखा बसला. बायकोनं खिडकीतून पाहिलं.

"छान दिसतंय. आता पुरे," ती म्हणाली. किल्ली काही मागितली नाही. हार मानली बिचारीनं, असं डॉक्टरांना वाटलं.

तपासनीस आला. तीन चाकांखाली तीन वजनकाटे सरकवले, आकडे पाहिले, पंखावर नखानं टकटक केली.

"किती हात दिलेत रंगाचे?"

"काही ठिकाणी... भरलंय," डॉक्टर म्हणाले.

"सांगाडा उत्तम आहे. जोड, तारा, सगळं चोख. पण वजनाची मर्यादा रंगानंच खाल्लीय. परवानगी देतो, एका अटीवर. चालवणारा माणूस पंचावन्न किलोच्या आत हवा."

डॉक्टरांनी पोट आत ओढलं. काट्याला त्याचं काही नसतं.

"आणि मी बसायचं म्हटलं तर?"

तपासनिसानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सगळं कापड काढून नवं चढवा. वर्षभराचं काम आहे. आणि तोवर तुम्हीही थोडं..." पुढचं तो सभ्यपणानं गिळून गेला.

डॉक्टर स्टुलावर मटकन बसले. बायकोनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" ते म्हणाले. "रागावलो नाही मी. फडकं मारताना पाहिलं होतं तुला. जिवाला घाबरतेस माझ्या, दुसरं काय!"

"थोडी घाबरते," ती म्हणाली. मग तिनं पर्समधली पोहायची कोरडी टोपी बाजूला सारून आपला वैमानिकाचा परवाना काढला आणि तपासनिसाच्या हातात दिला. "माझं चोपन्न भरतं."