मृतांच्या यादीतलं नाव

फादर आल्फोन्सास मृतांची यादी वाचत होते आणि शेवटच्या बाकावर टोपी चुरगाळत बसलेले बिशप शिमकुस अजून मघाच्याच विचारात होते. मिस्सा या प्रार्थनाविधीत धर्मप्रांताच्या बिशपसाठी त्याचं नाव घेऊन प्रार्थना करतात; ती वेळ आली, तेव्हा फादर नाव न घेताच पुढे सरकले होते.

अकरा वर्षांपूर्वी सोव्हिएत सरकारने शिमकुसना लिथुआनियाच्या पार टोकाच्या गावात नेऊन टाकलं. स्वतःच्या धर्मप्रांतात पाऊल ठेवायची बंदी. आता दात गेले, केस गेले, इथे ओळखणार कोण? परवा अधिकारी म्हणाला, "लोक तुम्हाला केव्हाच विसरले. राजीनाम्यावर सही करा नि घरी जा. सफरचंदांची बाग आहे ना तुमची?" घराच्या नुसत्या नावाने म्हाताऱ्याचा जीव तीळतीळ तुटला. खरंच विसरले असतील तर सही करून मोकळं व्हायचं, असं ठरवून ते आपल्या धर्मप्रांतातल्या या चर्चमध्ये चोरून आले होते.

"वालेरियोनास शिमकुस," फादरांनी वाचलं.

"प्रभो, त्याला चिरविश्रांती दे," लोक म्हणाले.

म्हणजे पुरूनसुद्धा टाकलं! बिशपांनी शेजारच्या म्हातारीला कसंबसं विचारलं, "हे... कधी गेले हो?"

"शुभ बोला हो दादा! परगावचे दिसता." तिने आवाज खाली आणला. "जिवंत म्हणून नाव घेतलं तर फादरांना उचलून नेतात. मेलेल्यांची यादी दोन तास चालते, चर्चमध्ये बसलेला सरकारी हेरसुद्धा कंटाळून घरी जातो. म्हणून त्या यादीत घरटी एक चिठ्ठी त्यांच्या नावाची देतो आम्ही."

फादरांनी पुढची चिठ्ठी उचलली. पुन्हा तेच नाव. चार नावांनंतर पुन्हा तेच.

बिशपांना हुंदका आवरेना. आपल्याला इतकं जपणारी ही माणसं सोडून द्यायची? आता सही होणं शक्य नव्हतं. आणि सहीशिवाय घर नव्हतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

म्हातारीने कोपराने ढोसलं. "गप्प काय बसलात? तोंडाने 'विश्रांती दे' म्हणायचं, मनात 'घरी आण' म्हणायचं."

नाव पुन्हा आलं. बिशप सगळ्यांबरोबर दोन्ही म्हणाले आणि दुपारच्या बसने हद्दपारीच्या गावी परत गेले.