वाईच सरका

पोलादपूरच्या थंडीला वैतागून अश्वजितने भंगारातून जुना हीटर आणला, घरच्या गॅरेजात बसून त्याला नवी वायर जोडली आणि बटण दाबलं. कॉइल लालबुंद झाली.

बायको उज्वला त्याच्या शेजारीच फतकल मारून बसली.

"अहो, तुमचे गुडघे तापलेत. माझ्याकडं ऊब येतच नाय."

त्याने तिच्यापुढे हात धरला. खरंच गार. हीटर आणि तिच्या मध्ये तर कुणीच नव्हतं. शेकोटीपुढे कुणी आड बसलं की मागच्याला गारठा लागतो, अगदी तसा.

अश्वजितला हसू आलं. गावच्या शेकोटीवर आड बसलेल्याला जरा बाजूला व्हायला सांगतात, तसं तो सवयीनं समोरच्या मोकळ्या जागेला म्हणाला, "वाईच सरका हो."

"आली बघा ऊब!" उज्वला खुशीत हात चोळत म्हणाली.

अश्वजितने आपल्या नि हीटरच्या मधल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. त्याचे तापलेले गुडघे आता हळूहळू गार पडत होते.