जात्यावरचा धडा

मथुरेचा नवरा ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत कारकून होता आणि तिला चोरून इंग्रजी शिकवायचा. एकाच क्रियापदाआधी सहायक शब्द बदलले की काळ कसा पालटतो, हे तिला कालच उमगलं होतं. म्हणून आज जात्यावर ओवीऐवजी तेच घोकणं चाललं होतं. हॅड गॉन, हॅज गॉन, विल हॅव गॉन.

दार करकरलं. सासूबाई शीळ गावच्या भगताला घेऊन उभ्या होत्या.

"दळायला बसली की ही असंच काहीबाही पुटपुटते, बाबा. बाईमाणसाच्या तोंडी ही भाषा येईलच कुठून?"

"रुळाकाठी पुरलेल्या सायबानं धरलंय हिला." भगताने निंबाचा डहाळा उगारला. "बोल, कोन हायस तू?"

मथुरेने जात्याचा खुंटा सोडला. गेल्या वर्षी शेजारच्या सुनेच्या पेटीत लिहायची पाटी सापडली, तेव्हा तिला माहेरी धाडलं, ते अजून परत आणलेलं नाही. झपाटलेल्या सुनेसाठी निदान उतारा तरी टाकतात.



तिने अंबाडा सोडला आणि घुमत घुमत कालचा धडा पहिल्यापासून मोठ्याने म्हणायला घेतला.