समाजशास्त्राचा प्रयोग

खुटबावच्या सुरेखा कांबळेनं एम.ए.ला समाजशास्त्र घेतलं, तेव्हा शिरूरच्या कॉलेजातले फिजिक्सचे सर सगळ्यांसमोर हसले. "नुसतं नावात शास्त्र असून काय उपयोग? प्रयोग कर, पुन्हा पुन्हा तेच उत्तर आणून दाखव, मग बोल."

सुरेखानं ते मनावर घेतलं. शिरूर गावात 'खोली भाड्याने देणे आहे' अशा चाळीस पाट्यांवरचे नंबर तिनं उतरवून घेतले. प्रत्येकाला आधी स्वतःचं आडनाव सांगून फोन केला. आठवड्यानं दुसऱ्या नंबरवरून, देशमुख म्हणून. नोकरी तीच सांगितली, भाडंही तेवढंच कबूल केलं. कांबळेला एकतीस जण म्हणाले, "खोली गेली." त्याच एकतीस जणांनी देशमुखला खोली बघायला बोलावलं.

तिनं सगळं नीट लिहून कागद सरांपुढं ठेवला. वाचता वाचता सरांचं बोट सतराव्या ओळीवर थांबलं.

"हा तर आमच्या घरचा नंबर हाय," ते हळूच म्हणाले. "हिनं उचलला असंल फोन. तिला काय कळतंय त्यातलं?"

सुरेखानं नजर खाली घेतली नाही.

"न्हाई सर. दोन्ही वेळा तुम्हीच बोललात."