रिकामी गाडी

स्टीलचे भलेमोठे रोल वाहायचं काम कायमचं घ्यायचं की सोडायचं, हे उद्या सकाळी कंपनीला कळवायचं होतं. माल उतरवून परतताना नवऱ्याने बायकोला वाटेत तिच्या बहिणीकडून ट्रकमध्ये घेतलं आणि दमल्या आवाजात तो हिशेब मांडू लागला.

"हा माल नासत नाही, फुटत नाही, चोराच्या बापालाही उचलवत नाही. एका फाटकात भरायचा, दुसऱ्या फाटकात उतरवायचा. स्वतःच्या गाडीला आणखी काय पाहिजे?"

"आणि जोरात ब्रेक मारावा लागला तर? ते धूड केबिनमध्ये नाही का घुसणार?"

"साखळ्या कशाला बांधतो मग? तू उगाच डोक्यात काही घेऊ नकोस."

तेवढ्यात कुत्रं आडवं आलं. त्याने करकचून ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली, कुत्रं आपल्या वाटेने निघून गेलं. नवरा मात्र स्टिअरिंगवर डोकं टेकून, खांदे कानांपर्यंत आखडून, डोळे गच्च मिटून बसला होता.

तिने पाठीवर हात ठेवला तसा तो जोरात दचकला.

"अहो, मागे काही नाहीये. गाडी रिकामी आहे."

"मला माहीत आहे गं," तो सावकाश सरळ होत म्हणाला. "माझ्या मानेला माहीत नाही."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. त्याने गिअर टाकला.

"उद्या त्यांना फोन मी करते," ती म्हणाली.