बापूजींच्या चिकटपट्ट्या

देवाशप्पथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे.

संक्रांतीला अहमदाबादेत चारूकडे सगळं गोत जमलं. तिने वयाप्रमाणे वाटणी केली. पोरांना गच्चीवर पतंग, बायकांना उंधियूची भाजी रांधायला आणि ऐंशीच्या सासऱ्यांना खाली ओट्यावर खुर्ची. "जिना तुम्हाला झेपायचा नाही, बापूजी."

संध्याकाळी ती ताट घेऊन खाली आली, तर त्यांच्या बोटांना मांजाने कापू नये म्हणून पतंगबाज बांधतात तशा चिकटपट्ट्या.

"या कशाला हो?"

"सकाळीच बांधल्या गं. म्हटलं, वरून हाक आली तर उशीर नको."

चारूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पोरांकडून त्यांना खुर्चीसकट गच्चीवर नेलं आणि म्हातारबुवांनी अख्ख्या गल्लीचे पतंग कापले!



बरं बाई, गच्चीवर नेल्याचं तेवढं मी रचलं. तोवर अंधार पडला होता.