सफरचंदाच्या करंज्या

तृप्तीच्या हातातल्या करंजीला अर्धी मुरड घालून झाली होती, तेवढ्यात प्रवीणचा फोन आला. पिठाच्या हातानेच फोन घेऊन ती घरामागच्या सांदवाडीत गेली.

"बाबा गेले," प्रवीण म्हणाला. "पहाटेच गेले. दवाखान्यातले कागद होतवरी कोनाले कळवलं नाही. आता निघून राहिलो आम्ही नागपूरहून. आईले काही सांगू नको. मी आलो का सांगतो."

सांगून तो मोकळा झाला. त्याची ही जुनीच सवय होती. अवघड काम बायकोच्या गळ्यात घालायचं, आणि वर ते कसं करायचं तेही आपणच ठरवायचं. तृप्ती केळीच्या बुंध्याला धरून उभी राहिली. रडायचं तरी कुठे? आत सासू करंज्या तळत होती, आणि त्या मामाजींसाठीच होत्या.

मामाजी म्हणजे तिचे सासरे, धनीराम. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता, आणि सानगडीतला जो तो त्यांना भेटायला येताना सफरचंदंच घेऊन यायचा. आजारी माणसाला दुसरं काही न्यावं हे गावाला सुचतच नसे. शेवटी तिच्या सासूने, बेबीबाईंनी, ती किसली, साखर-वेलची घालून शिजवली आणि त्यांच्या करंज्या केल्या. मामाजींनी आवडीने खाल्ल्या. तृप्तीनेही खाल्ल्या. तिला तिसरा महिना होता. पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं, पण त्या करंज्या ठरल्या. पुढे मामाजींना नागपूरला हलवावं लागलं. सोबत प्रवीण गेला आणि बेबीबाईंचा भाऊ टिकाराम. आज सकाळी बेबीबाई एकदम म्हणाल्या, "त्यायच्यासाठी करंज्या पाठवू," आणि लागल्याच सफरचंदं सोलायला.

तृप्ती आत आली. बेबीबाईंनी कढईवरची नजर काढली नाही.

"कोनाचा फोन होता?"

"रीताचा. मैत्रीण आहे ना माही, पवनीची."

"बस. हे खाय."

पुढ्यात ताटली आली. तीत गरम करंजी होती. तृप्ती नुसती बघत राहिली.

घरातलं माणूस गेलं की सगळ्यात आधी चूल विझते. मग माती होईपर्यंत त्या घरात काही शिजत नाही, कुणी काही तोंडात घालत नाही. तृप्ती हे लहानपणापासून पाहत आली होती. आणि इथे तेल चुरचुरत होतं, वेलचीचा वास घरभर झाला होता. गॅस बंद करावा तर का ते सांगावं लागणार. न करावा तर तिकडे मामाजींना गाडीतून आणताहेत आणि इकडे गोडधोड तळणं चाललंय. तिला काही सुचेना. आयुष्यात एवढं अडकल्यासारखं तिला कधी वाटलं नव्हतं.

"आई, राहू द्या ना आता. बाकीच्या संध्याकाळी तळू."

"संध्याकाळी नाही. आताच. तू खाय."

"पन ह्या मामाजीसाठी आहेत ना?"

"त्यायले पुरतीन. तू खाय म्हणतो ना मी."

बेबीबाईंचं आज सगळंच बिनसलं होतं. सारण गार झाल्याशिवाय पारीला लावू न देणारी ही बाई आज वाफाळतं सारण भरत होती. दोन करंज्या तेलात फुटल्या, सारण बाहेर येऊन करपलं, तरी तिने कुणाला बोल लावला नाही. एरवी पहिली करंजी देवापुढे जायची. आज ती देवाकडे न जाता सरळ तृप्तीच्या ताटलीत आली होती. पुढच्या दाराला मांजर येतं म्हणून आतून कडी होती. न्यायचा डबा अजून फळीवरून खाली आलाच नव्हता. किती घाई, तृप्तीच्या मनात आलं. नवऱ्याला खाऊ घालायच्या ओढीने बिचारीला कशाचं भान उरलं नाही.

तरी तिने एक घास तोडला. न खाल्ला तर सासूला संशय आला असता. चावून चावून तो घास पाण्याबरोबर खाली ढकलला. बेबीबाईंनी लगेच दुसरी करंजी ताटलीत टाकली. तृप्ती तीही खाऊ लागली. मामाजी गेलेत आणि आपण खातोय, देवा, हे पाप कुठे फेडू, असं म्हणत ती एकेक घास गिळत होती.

तेवढ्यात पुढचं दार धडधडलं.

"बेबीबाई! दार उघड व माय!" शेजारच्या रत्नमालाबाईंचा आवाज होता, आणि तो रडका होता. मागे आणखी बायांची कुजबुज ऐकू येत होती. गावात बातमी येऊन पोचली होती.

तृप्तीच्या हातातली अर्धी करंजी हातातच राहिली. आता सांगायलाच हवं होतं. ती उठू लागली, तर बेबीबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. मग शांतपणे गॅस बंद केला.

"आई, मामाजी..."

"मले मालूम आहे. टिकारामचा फोन आला होता पहाटेच. मीच म्हटलं त्याले, मी कोनाले सांगत नाही, तूही सांगू नको."

दार पुन्हा वाजलं. बेबीबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"एकडाव ते दार उघडलं का माती होतवरी तुले कोनी घास देनार नाही. अन् तुह्या पोटात कालपासून कन नाही." त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला. "ते हातातली खाऊन घे, बाई. मंग मले रडू दे."